मोठी केलेली काजे

चौदा नोव्हेंबर. नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलेले रुग्ण बारा. त्या दिवशी हयात दहा.

त्या दहांतला एक घड्याळे दुरुस्त करणारा. हालचालींच्या चेतापेशी झिजवणाऱ्या आजाराने त्याची बोटे निकामी होत चालली होती. त्याच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून मणक्यातल्या पाण्यात सोडल्या होत्या. मज्जातंतूंभोवतीचा दाह उतरला तर ऱ्हास मंदावेल, एवढीच डॉक्टरांची आशा. बरे होण्याचा शब्द कोणी दिला नव्हता.

त्याची बायको शिवणकाम करी. सदऱ्याच्या बटणांशी झटापट करताना रडकुंडीला आलेला नवरा तिच्याने पाहवेना. तो इस्पितळात असताना तिने सातही सदऱ्यांची काजे ब्लेडने वाढवली, कडा पुन्हा शिवल्या. त्याची सकाळ सुखाची जावी, एवढाच हेतू. सांगायचे कशाला, असे तिला वाटले.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो आरशासमोरून म्हणाला, "अगं, बघ. सगळी लावली. बटणं लावायची तुझी नोकरी गेली आता."

ती नुसती हसली, काजांचे सांगितले नाही. चुकले ते तिथे.

दर महिन्याच्या तपासणीत सिस्टर तेच प्रश्न विचारीत: लिहिता येते का, जेवता येते का, कपडे स्वतः घालता येतात का. चौदा तारखेला कपड्यांपुढचे चारपैकी दोन गुण तीन झाले. दोघे बाहेर आले तेव्हा बाकावर चाचणीच्या पुढच्या तुकडीतली एक बाई संमतिपत्र हातात धरून बसली होती.

"दादा, खरंच फरक पडतो?"

"माझ्या बोटांना विचारा, ताई."

बाईने सही केली. पिशवी राहिल्याचे सांगून बायको आत परतली.

"सिस्टर, तो तीन खरा नाही."

"काकू, त्यांनी माझ्यासमोर बटण लावलंय."

"काजं मी मोठी केलीत. साध्या सदऱ्यात दोनच गुण येतील."

सिस्टरांनी पेन खाली ठेवले. "दाह उतरला का, हे आम्ही या हातांवरूनही ताडतो. आधी बोलायचंत ना."

"त्यांना कळू देऊ नका."

"आकडा मी दुरुस्त करते, डॉक्टरांनाही कळवते. घरात काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

आकडा दुरुस्त झाला. त्या बाईलाही तिने स्वतः गाठून सांगितले. बाईने विचार करून सही कायम ठेवली. नवरा मात्र अजून बोटे सुधारल्याचे मानतो. त्याला खरे सांगण्याचे देणे तिच्याकडे बाकी आहे.