चारुशीलाचा बसरा

पडदा वर जातो. साताऱ्यातलं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दाराला आतून कुलूप, किल्ली चारुशीलाच्या मंगळसूत्रात अडकवलेली. खाटेवर तिचे यजमान विष्णुपंत. आधी फौजेत, मग सांगलीला बिऱ्हाड करून कुपवाडच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. आता त्यांना काही आठवत नाही, आणि दार उघडं दिसलं की चालू लागतात. परकं माणूस आलं की चोर समजून काठी उगारतात, त्यामुळे कामाची बाई टिकत नाही. वरच्या मजल्यावरून प्रवेश करते मी, नाटक कंपनीतली जुनी नटी. मला ते ओळखत नाहीत, पण हाकलतही नाहीत. मात्र चारुशीला दिसेनाशी झाली की दाराला धडका देतात, मग माझ्यानं आवरत नाहीत.

चारुशीलाचं माहेर मलकापूरजवळ. गावच्या चावडीत एक दगड बसवलाय. पहिल्या महायुद्धाला गावातून किती गेले, किती मेले, नुसते आकडे. तिचे पणजोबा त्या मेलेल्यांत. घरात एवढंच बोललं जाई, ‘बसऱ्याला गेला.’ बसरा कुठं, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मी वाचनालयातून पुस्तकं बदलून आणायची, ती भाजी निवडता निवडता वाचायची. "माई, बसरा इराकात हाय म्हणायचा. ही बघा तिथली टायग्रिस नदी. आपल्या कृष्णेसारखीच वळणं घेत आलीय." असं करत करत तिला सापडलं, की मराठा पलटणी त्या नदीकाठी कुत नावाच्या गावात वेढ्यात अडकल्या होत्या. सगळी हकिगत एका जुन्या, जाड ग्रंथात होती. पण तो ग्रंथ घरी देत नाहीत, तिथंच बसून वाचायचा.

"मी वाचून येते की," मी म्हटलं.

"नको. त्यात पणजोबांचं नाव असलं तर ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

शेवटी विष्णुपंतांना मधे बसवून आम्ही रिक्षा केली.

वाचनखोलीत स्पर्धा परीक्षेची मुलं माना खाली घालून बसली होती. दार दिसताच विष्णुपंत ताठ झाले. एक मुलगा बाहेर निघाला, तर यांनी काठी आडवी धरली.

"पिशवी दाखवा."

"आजोबा, लायब्ररी आहे ही."

"रूल हाय. नट-बोल्ट जात्यात बाहेर."

मी पुढं होऊन माझी पिशवी उघडली, आत चष्मा आणि केळी. "साहेब, बघून घ्या." मुलगा हसला, त्यानंही डबा उघडून दाखवला. विष्णुपंत खूश. चारुशीलानं ग्रंथ उघडला. कितीतरी दिवसांनी तिची पाठ त्यांच्याकडे होती.

मग त्यांनी दाराला कडी घातली. "शिफ्ट सुटंपर्यंत कुणी जायचं न्हाई."

"आवं, माझी एसटी चुकंल!" शिवांजली नावाची एक मुलगी दारापाशी येऊन ओरडली. तिनं कडीला हात घातला, यांनी काठी उगारली. मुलं उठून उभी राहिली. ग्रंथपाल चांदसाहेब लगबगीनं आले आणि हळूच म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण यांना घरी न्या."

चारुशीलानं बोट पानात ठेवलं, आणखी दोन ओळी वाचल्या. मग ग्रंथ मिटून दाराशी गेली. "अहो, शिफ्ट सुटली."

विष्णुपंतांनी स्वतः कडी काढली आणि शिवांजलीला सलाम ठोकला.

रिक्षात मी विचारलं, "नाव?"

"साहेबांची आहेत. शिपायांची नाहीतच." ती रस्त्याकडे बघत होती. "धान्य संपत आलं तेव्हा घोडी कापली, माई. आपले लोक तोंड लावीनात. पुढचं राहिलं."

"परत जाऊ की."

"यांना घेऊन? परत घेतील का आत?"

घरी आल्यावर तिनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं. विष्णुपंत खाटेवर बसून बूट मागू लागले, ड्युटीला जायचं म्हणून. ती खाली बसून त्यांना बूट घालू लागली. उद्या सकाळी मी वाचनालयात जाईन, असं मी सांगितलं. नाडी बांधता बांधता ती मान वर न करता म्हणाली,

"जा तुम्ही. पण मरणाचा प्रवेश रंगवत बसू नका, माई. आत कोंडल्यावर दिवसभर ते शिपाई काय करायचे, तेवढं नीट वाचून या."