राकेलची करवत आणि गॅरेजचा काटा

बत्तीस पाऱ्या लाटून झाल्या होत्या. त्यांतल्या अठरांत भाताचं सारण भरून राकेलने कडांना मुरडही घातली होती. एकोणिसावी हातात असताना धाकटा दीर ताइस्तो बुटांवरचा बर्फ न झाडताच स्वयंपाकघरात शिरला. हातात तिची साखळी-करवत, चेहरा मयताला आल्यासारखा.

"वहिनी, गेली ही. इंजिनात दमच उरला नाही. दाब मोजायचा काटा पाचावर अडकला, निदान नऊ तरी हवेत. पिस्टनच्या रिंगा संपल्या. देऊन टाक मला, सुटे भाग कामाला येतील."

"आणि शनिवारी मी काय करू?"

"किटल्या सांभाळ की! कॉफी कुणीतरी करायलाच हवी."

शनिवारी प्रार्थनाघराची वर्षभराची लाकडं तोडायला सगळं गाव जमणार होतं. त्या दिवशी कुणी उसनी करवत आणत नाही. ज्याची करवत, त्याची ओंडक्यापाशी जागा. राकेलची जागा बावीस वर्षांची. साखळीला कानस लावायला बसली की एका दाताला स्तोत्राची एक ओळ, असा तिचा हिशेब. सूर जरा वर-खाली व्हायचा, पण दात सगळे सारखे निघायचे. चार मुलं वाढवली, नवरा लाकडाच्या ट्रकवर आठवडा-आठवडा बाहेर, तरी मार्चमधला हा शनिवार तिने कधी चुकवला नव्हता.

गेला आठवडाभर करवत सुरू व्हायची आणि लगेच गुदमरायची, हे खरं होतं. म्हणून तर तिने ती ताइस्तोच्या गॅरेजात धाडली होती. पण संपली?

पिठाच्या हातांनीच तिने करवत ओढून घेतली. पडवीत जाऊन करवत सुरू करायच्या दोरीची मूठ धरली आणि करवत तशीच हवेत लोंबू दिली. दाब नसलेली करवत सरसर खाली येते. ही मात्र थबकत, अडखळत उतरली. पुन्हा तेच. राकेलने आत हाक मारली.

"ताइस्तो, हिच्यात जीव आहे रे!"

"माझा काटा खोटं बोलतो का? रोज चार मोटारी तपासतो मी त्याने."

"मोटारी तपासतोस ना? थांब तिथेच!" तिने फोन उचलला. "ओनेर्वा, गवत कापायच्या यंत्रांचा दाब मोजायचं ते तुझं छोटं गेज घेऊन ये. आत्ता! हो, पळत ये!"

ओनेर्वा कबरस्तानाची राखण करते. तिथली सगळी यंत्रं तीच दुरुस्त करते. दहा मिनिटांत ती बर्फावरची घसरगाडी पायाने ढकलत दारात हजर. "कोण मेलं?" तिने विचारलं.

"माझी करवत, म्हणे."

"मग योग्य माणसाला बोलावलंस."

ओनेर्वाने प्लग काढला, ठिणगीचं बटण बंद केलं, प्लगच्या जागी गेज घट्ट बसवलं. राकेलने एक्सलरेटर पूर्ण दाबून धरला आणि दोरी ओढली. चार. सात. साडेआठ. "ओढ गं, थांबू नकोस!" ओनेर्वा ओरडली. काटा साडेदहावर जाऊन स्थिरावला.

"अशक्य!" ताइस्तोने जीपमधून आपलं गेज आणून लावलं. पाच! परत ओनेर्वाचं: साडेदहा.

ओनेर्वाने त्याच्या गेजची हातभर रबरी नळी उचलून धरली. "अरे शहाण्या, तुझी झडप आहे नळीच्या त्या टोकाला. करवतीचं सिलिंडर असं कॉफीच्या कपाएवढं. आतली हवा ही नळी भरण्यातच खर्च होते. मोटारीला ते जाणवतही नाही. माझी झडप बघ, अगदी प्लगच्या तोंडाशी."

ताइस्तोचे कान लाल झाले. "पण रिंगा झिजल्या असतील तर?"

राकेलने प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडले आणि पुन्हा दोरी ओढली. रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फट बुजून काटा एकदम उसळला असता. तो जेमतेम केसभर हलला.

"मग गुदमरते कशाने?"

"नाक बंद आहे तिचं," म्हणत राकेलने सायलेन्सर उघडला. आतली बारीक जाळी काजळीने लिंपल्यासारखी बुजली होती. धूर बाहेरच पडत नव्हता! तारेच्या ब्रशाने तिने जाळी घासली, सगळं जागच्या जागी बसवलं, मनात देवाचं नाव घेतलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला करवत अशी गरजली, की छपरावरचा बर्फ धप्पकन ताइस्तोच्या टोपीवर आला.

"झाली गं, झाली!" दोघी लहान पोरींसारख्या हसत सुटल्या. राकेल पूर्ण वेग देत राहिली. करवत एकदाही अडखळली नाही.

"आता कॉफी कोण करणार?" टोपी झटकत ताइस्तो पुटपुटला.

"लांब नळीवाला," ओनेर्वा म्हणाली.

"चालेल. पण साखर मी घालेन तेवढीच."

राकेलने करवत बंद केली आणि कोट चढवून शनिवारसाठी साखळीचं तेल आणायला दुकानाकडे निघाली.