दादाची ‘लाईट’ सिगारेट

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. त्यालाच भेटायला निघाले होते. समोरच्या टपरीवर त्याच्या त्या ‘लाईट’ सिगारेटची पांढरीशुभ्र पाकिटं देव मांडावेत तशी मांडलेली. मला आधी त्यांची किळस आली, रडू नंतर आलं...

माझा हा थोरला भाऊ फौजेतून हवालदार होऊन परतला तो सिगारेट घेऊनच. वहिनीनं शपथा घातल्या, शिव्या घातल्या. बडीशेप झाली, लवंग झाली. दोन दिवस सोडायचा आणि तिसऱ्या दिवशी घरादारावर खेकसायचा. मग त्याला ही लाईट सापडली आणि गडी खूश. “अगं, निकोटिन कमी असतंय हिच्यात. हळूहळू सुटंल बघ.” मी बघायची, तर फिल्टर दोन बोटांत गच्च आवळून, गाल आत जाईस्तोवर ओढायचा.

“मग गळा कशाला दाबतोस तिचा?”

“त्याबिगर लागतच न्हाई!”

एक पाकीट पुरायचं, तिथं दोन लागायला लागली.

पुढं डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. त्या फिल्टरभोवती बारीक भोकं असतात. कंपनीचं निकोटिन मोजायचं यंत्र ओढतं तेव्हा त्यातून हवा शिरते आणि निकोटिन कमी भरतं. माणूस ओढतो तेव्हा त्याची बोटं ती भोकं बुजवतात. आतली तंबाखू काही वेगळी नसते. मला किळस येते ती या हुशारीची. सुटायची आशा विकायची आणि गळ तसाच ठेवायचा. शेवटच्या दुखण्यात दादा धापा टाकत म्हणाला होता, “भोकं कसली पाडताय... तंबाकूतनंच काढून टाका की ते निकोटिन. मग ओढली काय न् न ओढली काय. ज्याला सुटायचंय त्याला सुटू द्या की रं!” समोर मी एकटीच होते, पण तो कुणाला बोलतोय ते मला कळत होतं.

दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून, खाली एक येईना. जिलेबी ठेवून झाली, “आईला सांभाळीन” असं दादाच्या लेकानं हात जोडून सांगून झालं. काहीतरी इच्छा राहिली, म्हणून लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात दादाचा पलटणीतला जोडीदार पुढं झाला. खिशातून तीच लाईट काढली, पेटवली आणि सरळ पिंडात खोचली.

“त्याची वस्तू दावा की, वहिनी. आत्ता येतोय बघा कावळा!”

उदबत्तीसारखा धूर निघाला आणि चार माणसं चक्क हसली. इतका ओंगळ प्रकार मी जन्मात पाहिला नाही. वहिनी उठली, तिनं ती सिगारेट उपटली आणि वाळूत विझवली. “न्हाई शिवला तर न्हाई शिवला, भावजी. मेल्यावर तरी सुटू द्या त्यास्नी.” इच्छा राहिली होती हे खरंच, पण ती ओढायची नव्हती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

गेल्या आठवड्यात साताऱ्याला गेले होते. गॅलरीत दादाची खुर्ची तिथंच आहे. तिच्यामागच्या भिंतीला वहिनीनं पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून घेतलेत. तरी बसल्या माणसाच्या डोक्याच्या वर धुराचा पिवळा, चिकट डाग पुन्हा उमटलाय. मी त्यावर बोट फिरवलं आणि पदराला पुसलं. वहिनी चहा घेऊन आली, भिंतीकडं बघत उभी राहिली.

“आन् मला म्हणायचं, लाईट हाय, सुटंल...”