वीस मिनिटांपुरते परके

बिघडलेली वस्तू बोटही न लावता दुरुस्त करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. राहायला दोंडाईच्याला. सगळी नोकरी त्यांनी ठिबक सिंचनाच्या दुरुस्तीत काढली, पण त्यांच्या शर्टावर चिखलाचा डाग पाहिल्याचं कोणाला आठवत नाही. शेतकऱ्याचा फोन आला की आबांचं अहिराणीत एकच उत्तर, "मी येवाव नही. तुमीच उघाडा, मी सांगस." आणि मग जागेवर बसूनच ते खरोखर सांगत. नळीच्या शेवटच्या टोकाचं बूच काढा, आधी गढूळ पाणी येईल, घाबरू नका, नितळ येईपर्यंत वाहू द्या. ही सवय घरातही होती. पुतण्याच्या लग्नात ऐन मुहूर्ताला नवरदेवाचा फेटा सुटला, तेव्हा आबा हात पाठीमागे बांधून त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यालाच तो पुन्हा बांधायला लावला. सगळ्या फोटोंत फेटा डाव्या कानावर कलंडलेला आहे. आबांचं म्हणणं, "वाकडा का होईना, त्याचा तो बांधला ना!" माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, यावर म्हणाल्या होत्या, "आमच्या लग्नात भटजी समोर होते म्हणून, नाहीतर ह्यांनी मंगळसूत्र माझ्याच हातात दिलं असतं. तुम्हीच बांधा, मी सांगतो!"

असा माणूस निवृत्त झाल्यावर करणार काय? धुळ्याच्या एका संस्थेला स्वयंसेवक हवे होते. काम असं की रोजच्या काळज्यांनी, उदासीनं, झोप न लागण्यानं हैराण झालेल्या मोठ्या माणसांना आठ आठवड्यांची एक पुस्तिका द्यायची. ती त्यांनी स्वतः भरायची. स्वयंसेवकानं आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फोन करून नुसतं विचारायचं, कुठवर आलं, कुठे अडलं. आजार जास्त वाटला तर डॉक्टरांकडे पाठवायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. आबा प्रशिक्षणाहून परतले ते हरखूनच. अक्कांना म्हणाले, "अगं, मी जन्मभर हेच करत आलो, फक्त नळ्यांचं!"

पुस्तिकेतलं प्रत्येक पान त्यांनी आधी स्वतःवर करून पाहिलं. त्यात एक युक्ती होती, की दिवसभर चिंता करायची नाही, रोज एक वेळ ठरवून तेवढ्यातच करायची. आबांनी पाच ते साडेपाच ही वेळ धरली. पाच वाजले की ते ओट्यावर खुर्ची टाकून, कपाळाला आठ्या घालून, मन लावून चिंता करायचे. आलेल्या पाहुण्यांना अक्का दारातच सांगायच्या, "बसा, ते चिंता करताहेत. आत्ता होतील मोकळे." त्या अर्ध्या तासात फोन उचलायचा नाही आणि उरलेल्या साडेतेवीस तासांत काळजी करायची नाही, असा दुहेरी नियम होता. एकदा सकाळी अकराला गच्चीवरची पाण्याची टाकी फुटून जिन्यातून ओढा वाहू लागला, तेव्हा आबा पेपर वाचत शांतपणे म्हणाले, "पाचला बघू." टाकीचं पाणी अक्कांनीच बंद केलं. अर्थात, आबा सांगत होते.

आता माझं सांगतो. मी जळगावात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. माझे आईवडील बोदवडला थोरल्या भावाकडे असत. गेल्या वर्षी वडील आजारी पडले. भावाचा फोन आला, "निघ." मी म्हणालो, "एवढे पेपर तपासून देतो आणि उद्या निघतो." उद्या मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. भाऊ एका शब्दानं बोलला नाही. तेराव्यानंतर मी परत आलो, तो बोदवडला गेलोच नाही. आईचा फोन आला की बायकोकडे द्यायचा. तिकीट काढायला स्टेशनवर गेलो की छाती धडधडायची, हात ओले व्हायचे, आणि मी घरी यायचो. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती ठणठणीत निघाली. "मनावर घेऊ नका," ते म्हणाले. मी तेही मनावर घेतलं.

बायकोनं हे अक्कांच्या कानावर घातलं आणि पुस्तिका आली. पण संस्थेचा नियम असा, की नातेवाइकाला मदत करायची नाही. आबांनी नियम मोडला नाही. त्यांनी नातं मोडलं, दर मंगळवारी चार ते चार वीस एवढ्यापुरतं. पहिला फोन आला. "नमस्कार. मी आपला सहायक बोलतोय. आपलं नाव?"

"आबा, मी!"

"आडनाव सांगा. घरात कोण कोण असतं?"

मी माझी बायको म्हणून त्यांच्या मेहुणीचं नाव सांगितलं, तर म्हणतात, "स्पेलिंग?" वीस मिनिटांनी त्यांच्या बाजूला घड्याळाचा गजर झाला आणि माझं वाक्य अर्ध्यावर तोडून त्यांनी फोन ठेवला. मिनिटभरात पुन्हा वाजला. "काय सर, कसं काय? अक्कानं लोणचं धाडलंय, मिळालं का? बाकी बठ्ठं बरं शे ना?" मघाच्या माणसाशी या माणसाची ओळखदेख नव्हती.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहायचं होतं, शेवटी कुठे पोहोचायचंय? मी लिहिलं, बोदवड. त्याच्या पायऱ्या पाडल्या. पहिल्या आठवड्यात स्टेशनवर जाऊन यायचं. दुसऱ्यात फलाटावर बसून एक गाडी सुटताना पाहायची. तिसऱ्यात भावाला फोन लावायचा. पुढे भुसावळपर्यंत जाऊन यायचं, आणि मग बोदवड. दर वेळी आधीची आणि नंतरची भीती दहापैकी किती, ते मांडायचं. दोन पायऱ्या मी चढलो. तिसऱ्या आठवड्यात भावाचं नाव फोनवर काढून पाहत बसलो, आणि मग एका दुपारी मी ते केलं, जे वीस वर्षं शाळेत करत आलोय.

आमच्याकडे रोजच्या तासाची तयारी लिहायची एक टाचणवही असते. ती रोज लिहायची असते, त्यामुळे कोणी रोज लिहीत नाही. तपासणी आली की एका बैठकीत मागचं सगळं आणि जमलं तर पुढचंही लिहून टाकतात. आळीपाळीनं दोन पेनं वापरली की खरं वाटतं. तर त्या दुपारी दोन पेनं घेऊन मी उरलेले सहाही आठवडे बरा झालो. भीती आठावरून सहावर आणली, सहावरून तीनवर. एका रविवारी उगाच सातावर नेली, म्हणजे अस्सल वाटावं.

त्यानंतरच्या रविवारी दोंडाईच्याहून आबांचं बोलावणं आलं. शेतात भरिताची पार्टी होती. तुराट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, चाळीसेक माणसं. मी दिवसभर विहिरीजवळच्या बाभळीखाली एकटाच बसून होतो. आबांनी स्वतः दोनदा ताटात भरीत वाढलं.

मंगळवारी चारला फोन आला आणि मी पुस्तिका उघडून वाचलं, "रविवारी भुसावळला जाऊन आलो. भीती आधी आठ, नंतर तीन."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज. मग "छान. भुसावळला काय पाहिलंत?"

"केळी," मी म्हणालो. "स्टेशनवर केळी खाल्ली."

"कशी होती?"

"गोड."

त्यांनी ते लिहून घेतलेलंही मला ऐकू आलं. गजर झाला. मिनिटभरानं साडूंचा फोन. "काय सर, रविवारचं भरीत जरा तिखट व्हयनं व्हतं का?"

माझ्या कानाची पाळी तापली. रविवारी मी कुठे होतो हे साडूंना पक्कं माहीत होतं, पण सहायकाला ते माहीत असण्याची सोय नव्हती. बिचारे स्वतःच्याच नियमात अडकले होते. तो आठवडाभर मला वडिलांपेक्षा आबांबद्दलच जास्त अपराधी वाटत राहिलं.

पुढच्या मंगळवारी मी नमस्कार होण्याआधीच सांगून टाकलं, की हे सगळं खोटं आहे.

"किती पानं?" सहायकानं विचारलं.

"तिसऱ्या आठवड्यापासून सगळी. फाडून टाकू?"

"फाडायचं नाही, खोडायचंही नाही. समासात जागा आहे ना? तिथं खरं लिहा."

मग मी पेपरांचं सांगितलं, 'उद्या' म्हणालो ते सांगितलं. भाऊ दारातच "आता आलास?" म्हणेल, ही भीती सांगितली. सांगता सांगता नाक ओढू लागलो. पलीकडून आवाज आला, "गढूळ येतंय. येऊ द्या."

त्या दिवशी समासात मी लिहिलं, भीती दहा. मग भावाला खरंच फोन लावला. तो "बोल" म्हणाला. मी "मंगळवारी येतो" म्हणालो. तो "बरं" म्हणाला. त्यानंतर आबांना विचारलं, "तुम्ही सोबत येता का?"

"मी येवाव नही," आबा म्हणाले. "तुमीच जा, मी सांगस."

मंगळवारी रजा टाकून गाडीत बसलो. बोदवडला उतरलो, पण गाडी निघून गेली तरी फाटकाकडे वळलो नाही. बाकावर बसलो. चार वाजले, फोन वाजला. "नमस्कार. कुठे आहात?"

"बोदवड. बाकावर. भीती नऊ."

"समोर काय दिसतं?"

"एक शेळी. वजनकाटा. बंद पडलेला नळ."

"नळ कशानं बंद आहे?" आतला दुरुस्तीवाला जागा झाला, पण लगेच सावरला. "जाऊ द्या. श्वास मोजा." मी मोजू लागलो, आणि तेवढ्यात त्यांच्या बाजूनं भोंग्याचा आवाज आला, यात्रीगण कृपया ध्यान दें. पाठोपाठ भुसावळचं नाव, आणि अगदी जवळून कोणीतरी केळ्यांसाठी ओरडलं.

"आपण कुठून बोलताय?" मी विचारलं.

"घरी. ओट्यावर," ते घाईघाईनं म्हणाले. गजर झाला. फोन बंद.

ज्या माणसानं फुटलेल्या टाकीसाठी खुर्ची सोडली नव्हती, तो पाचाच्या आधीच चिंता करत, दोंडाईच्याहून निघून भुसावळपर्यंत येऊन बसला होता. आता मला उठणं भागच होतं.

भाऊ दारातच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. म्हणाला, "चप्पल आत काढ. इथं कुत्रं उचलून नेतं." आई आतून बाहेर आली आणि माझी पिशवी हातातून काढून घेतली. आम्ही तिघं बसलो. वडिलांविषयी भाऊ पहिल्यांदा बोलला, ते त्यांच्या घोरण्याबद्दल. आम्ही हसलो, आणि मग मी रडलो. भाऊ मला पाणी आणायला उठला आणि बराच वेळ आतच राहिला.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी आबांना फोन लावला. ती त्यांच्या चिंतेची वेळ. तरी पहिल्याच रिंगला उचलला.

"पोहोचलो," मी म्हणालो. "आबा, भुसावळची केळी कशी होती?"

पलीकडे गाडीची खडखड. मग आबांचा आवाज, "जरा तिखट व्हती."

आठ आठवडे कधीच संपले. आता मी महिन्यातून एकदा बोदवडला जातो. साडू फोन करतात, लोणचं पाठवतात, भरिताला बोलावतात, आणि रविवारच्या त्या केळ्यांबद्दल आम्ही एकमेकांना कधी काही विचारत नाही. पण काम झालं की सहायकानं फोन करायचा नाही, असा नियम आहे, आणि तो माणूस नियमाचा पक्का होता. मंगळवारी चारच्या सुमाराला शिक्षकखोलीत मी उगाच फोन समोर ठेवून बसतो. मला नाव, आडनाव, स्पेलिंग विचारणारा, माझ्याबद्दल काहीच माहीत नसलेला तो परका माणूस मला फार आठवतो. त्याचे आभार मानायचे राहिलेत, आणि त्याचा नंबर माझ्याकडे आहे, पण उचलतात ते नेहमी आबाच.