सतरा इंचांची खुर्ची

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात बसण्याच्या बाबतीत आमच्या जावईबुवांइतका अधिकारी माणूस झाला नाही आणि आता होईल असं मला वाटत नाही. बाकीचे लोक नुसते बसतात; जावईबुवा बसणं तपासत. जावईबुवा म्हणजे, बाळांनो, तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीचे, शांताचे यजमान. आमच्या घरात त्यांना नावाने कोणी कधी हाक मारली नाही, म्हणून मीही इथे तेच लिहिते. सहा फूट उंची, हडकुळा बांधा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच झोपेतून उठलेत किंवा आता झोपायला निघालेत. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाचे ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा, डोळे मिटायचे आणि धागा किती लांब, किती मऊ, माल कोणत्या दर्जाचा ते सांगायचं. डोळे मिटल्यावर ते इतका वेळ गप्प राहत की समोरच्याला वाटे, ग्रेडरसाहेबांना डुलकी लागली. मग ते तसेच, डोळे न उघडता दर्जा सांगत आणि तो सहसा चुकत नसे. तीस वर्षं हे काम केल्यामुळे असेल, जगातली प्रत्येक गोष्ट डोळे मिटल्यावरच नीट कळते असं त्यांचं मत झालं होतं. त्या सगळ्या गोष्टींत पहिला मान खुर्चीचा.

कोणाच्याही घरी गेले की ते आधी दारात थबकत, बैठकीतल्या एकूण एक आसनांवरून नजर फिरवत आणि मग पाहुणचार बाजूला ठेवून एकेकावर बसून बघत. आमच्याकडे नवा सोफा आला तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांना बोलावलं. ते बसले, डोळे मिटले, दोन मिनिटांनी उठले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही ह्याच्यावर बसून राह्यल्या, पण हा तुम्हाले बसू देऊन राह्यला का?" त्या दिवसापासून त्या सोफ्यावर बसलं की मला कोणीतरी मागून ढकलतंय असं वाटू लागलं, ते तो विकेपर्यंत. न्हाव्याच्या दुकानात ते केस न कापताच अर्धा तास बसून आले होते, कारण खुर्ची नवीन होती. यवतमाळला जायचं तर एसटी स्टँडवर दोन गाड्या सोडून देत. कंडक्टर ओरडे, "काका, चढता का नाही?" हे शांतपणे सांगत, "तुमची जाऊ द्या बापा. मागच्या गाडीतली चार नंबर चांगली हाय." तिकीट तेच, मग वाईट जागा काहून घ्यायची, हा त्यांचा सवाल. "खुर्चीचा भाव बूड सांगते, दुकानदार नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यातला 'बूड' हा शब्द त्यांचा आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, मला तो लिहिताना अजूनही संकोच वाटतो.

मीही बरीच वर्षं याला विक्षिप्तपणाच समजत होते. मग एका लग्नात माझ्या लक्षात आलं. मांडवातल्या साठ-सत्तर खुर्च्या तपासून त्यांनी एक निवडली, ती खांबाजवळ नेली, तिचा डगमगणारा पाय जमिनीत रुतवला, तिच्यावर शांताला बसवलं आणि स्वतः जाऊन सतरंजीवर बसले. मंजूच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या जन्माच्या वेळी शांताची पाठ गेली ती कायमची. तासाभरावर एका जागी बसली की कंबरेतून कळ निघे आणि चेहरा पांढरा पडे. त्यामुळे तिने हळूहळू कीर्तन सोडलं, सिनेमा सोडला, दूरची लग्नं सोडली. ती एकेक गोष्ट सोडत गेली आणि जावईबुवा तिच्यासाठी खुर्ची शोधत गेले.

मंजू लग्न होऊन लंडनला गेली आणि तिला दिवस राहिले. ती वर्षं आपल्याकडे कापसाची फार वाईट होती. भाव नव्हता, जो कापूस येई त्यात अळीने खाल्लेली बोंडंच जास्त, आणि जिनिंग ऐन हंगामात महिन्यातून आठ दिवस चाले. उरलेल्या दिवशी जावईबुवा सवयीने तिथे जात आणि बंद शेडमध्ये एकटेच बसत. एकदा मी डबा पोचवायला गेले होते. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक काठ्या खाली उतरल्या होत्या, आणि त्या उन्हात कापसाचे तंतू इतके सावकाश तरंगत होते की ते वर चाललेत की खाली ते कळत नव्हतं. मध्ये जावईबुवा बसलेले, डोळे मिटून. मला पाहून म्हणाले, "वहिनी, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाह्यजे ना?" मी म्हटलं, "रीत तशीच आहे. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली आहे." "हाव. म्हणून म्हणतो, आता माहेरच उचलून तिच्याकडं न्या लागते." माहेर म्हणजे शांता. आणि लंडनचं विमान नऊ तासांचं होतं.

मंजूच्या नवऱ्याने दोन साध्या तिकिटांची सोय केली होती. विमानात मोठी खुर्चीही असते, तिच्यात आडवं होता येतं, हे जावईबुवांनी फोनवर विचारून घेतलं. पण तिची किंमत ऐकून त्यांनी दोनदा विचारलं की हे एका खुर्चीचं सांगता की विमानाचं. त्या दोन तिकिटांच्या पैशांत घरातली सगळी शिल्लक घातली असती तर जेमतेम एक मोठी खुर्ची आली असती. शांताला इंग्रजी येत नव्हतं, एकटी ती जवळच्या पुसदलाही गेली नव्हती. तेव्हा आधी लहान खुर्चीच तपासायची ठरली. मंजूच्या नवऱ्याकडून त्यांनी मापं मागवली: रुंदी सतरा इंच, आणि खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंत एकतीस इंच.

उशीसाठी कापूस त्यांनी स्वतः निवडला. आठ दिवस आलेल्या थोड्याथोडक्या मालातून लांबात लांब, मऊत मऊ धागा वेचून काढला आणि नाक्यावरच्या पिंजारी चाचांकडे नेला. चाचांनी तो हातात घेतला आणि मान हलवली. "साहेब, हा कापूस धोतराचा हाय, गादीचा नाही. गादीले जाड गावरान पाह्यजे, तो दबला तरी पुन्हा उठते. हा एकदा झोपला की झोपला." जावईबुवांचा चेहरा उतरला. "चाचा, मले कापूस शिकवता?" चाचा म्हणाले, "कापूस नाही साहेब, बसणं शिकवून राह्यलो." एवढा अपमान त्यांचा कोणी केला नव्हता. उशी लांब धाग्याचीच झाली.

मग एका रविवारी सकाळी सातला आमच्या ओसरीवरून विमान सुटलं. शाळेतल्या तीन खुर्च्या दोरीने एकमेकींना बांधल्या, मापाच्या पट्टीने एकतीस इंच मोजून पुढे बाक ठेवला. कमरेला पट्टा म्हणून माझ्या जुन्या लुगड्याची किनार. हवाई सुंदरी मी. सगळ्या सूचना मी वहीत नीट इंग्रजीत लिहून काढल्या होत्या, दोन वाक्यं मराठीत बोलले तर जावईबुवा रागावले, "वहिनी, इंग्रजीच बोला. तिले सवय व्हायला पाह्यजे." तिसऱ्या खुर्चीवर शेजारच्या काकू येऊन बसल्या आणि मले खिडकी पाह्यजे म्हणून अडून राहिल्या, तेव्हा सगळी रांग फिरवून तुळशीकडे तोंड करून ठेवावी लागली. जेवणाच्या वेळी मी कप्प्यांच्या ताटात पिठलं-भाकरी आणली. काकू म्हणाल्या, "विमानात मिरचीचा ठेचा नाही देत का हो बाई? एवढे पैसे घेऊन राह्यले ते!"

पहिले दोन तास स्वर्गाचे होते. शांता त्या उशीवर इतकी उंच बसली होती की देवीसारखी दिसत होती. तिसऱ्या तासाला उशी खचू लागली. साडेतीन तासांनी तिची भाकरी झाली आणि शांताचा चेहरा पांढरा पडला. आम्ही पट्टा सोडून तिला आडवं केलं. जावईबुवा कितीतरी वेळ ती चपटी उशी हातात घेऊन उभे होते. मग नाक्यावर गेले आणि चाचांसमोर उशी ठेवून म्हणाले, "गावरान भरा." चाचा बिचारे हसले नाहीत. त्यांनी मजुरीही घेतली नाही.

पुढच्या रविवारी दुसरं उड्डाण झालं. गावरान कापूस दबून दबून उठत होता. शांता पाच तास बसली, वर थोडा वेळ. पण नऊ नाही. माझ्या वहीत मी तेव्हा आणखी एक नोंद केली होती, ती कोणाला सांगितली नाही. एकतीस इंचांत जावईबुवांचे गुडघे बाकाला टेकून हनुवटीपर्यंत येत होते आणि दोन्ही रविवारी त्यांच्या गुडघ्यांवर काळे वळ उठले होते. स्वतःच्या खुर्चीबद्दल मात्र त्यांनी एक अक्षर काढलं नाही. जणू ते कशावर बसलेच नव्हते.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, "शांते, मोठी खुर्ची घेऊ. तू एकटी जाय. मी हिशेब केला, दाम जास्त हाय, पण आराम त्याहून जास्त हाय."

"मले नाही पाह्यजे."

"काहून? आडवं होता येते. झोप लागन."

शांता भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पाठ झोपन हो मोठ्या खुर्चीत. पण मी कोणाच्या भरवशावर झोपू?"

जावईबुवांनी डोळे मिटले. दोन्ही अंगठे एकमेकांजवळ आणून ते हवेतून काहीतरी हळूच ओढू लागले, अगदी कापूस तपासावा तसे. मी इतका वेळ त्यांना कोणत्याही मालासाठी घेताना पाहिलं नव्हतं. मग उठले आणि दोन लहान खुर्च्यांचा निरोप द्यायला फोनवर गेले. जाताना मला हळूच म्हणाले, "घाट्याचा सौदा होऊन राह्यला, वहिनी. पाच तासाची पाठ आणि नऊ तासाचं विमान."

पुढचं मला शांताने सांगितलं, परत आल्यावर, मुगाची डाळ निवडता निवडता. विमान दुपारचं होतं. खिडकी तिला मिळाली होती. वर गेल्यावर खाली ढगच ढग, जिथवर नजर जाईल तिथवर, जणू चांगल्या सालातलं कापसाचं मार्केट भरलंय. तसा ढीग आम्ही त्या वर्षांत पाहिला नव्हता. जावईबुवा तिच्यावरून वाकून बघत राहिले आणि ढगांना दर्जा देऊ लागले. हा आखूड धाग्याचा, हा भिजलेला, हा मात्र पाहा शांते, हा एक नंबर. ते ऐकता ऐकता तिचे डोळे मिटले. आर्मरेस्ट वर करता येतो हे त्यांनी आधीच शोधून काढलं होतं. सतरा इंचांत दुसरीकडे कुठे डोकं ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ते त्यांच्या खांद्यावर गेलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती; चारचौघांत ती त्यांच्या खांद्याला पहिल्यांदाच टेकली.

मध्ये एकदा तिला अर्धवट जाग आली. हवाई सुंदरी वाकून खुणेने सांगत होती की पुढे दाराजवळ एक खुर्ची रिकामी आहे, तुमचे पाय लांब आहेत, तिथे पसरता येतील. विमानातली ती सगळ्यांत ऐसपैस जागा, तीही त्याच तिकिटात. ज्या माणसाने चांगल्या जागेसाठी आयुष्यभर एसट्या सोडल्या, त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि नाही म्हणून मान हलवली. शांताने डोळे पुन्हा मिटून घेतले. सहा तास ती झोपली. "पाठ होती का नव्हती, मले समजलंच नाही वहिनी," ती म्हणाली, आणि पुष्कळ वेळ एकच खडा शोधत राहिली.

लंडनला उतरले तेव्हा जावईबुवांचा उजवा हात खांद्यापासून अंगठ्यापर्यंत बधिर होता. तोच त्यांचा कापूस ओळखणारा अंगठा. तो दोन दिवसांनी जागा झाला. आठवड्याने मंजूला मुलगी झाली, आणि शांताने तिला पहिली अंघोळ घातली, पाटावर नीट बसून.

परत आल्यावर मी जावईबुवांना मुद्दाम विचारलं, "काय मग, विमानाची खुर्ची कशी होती? तिकिटाच्या मानाने?" मला वाटलं, आता तासभर व्याख्यान. त्यांनी डोळे मिटले, उजवा खांदा चोळला आणि म्हणाले, "ते पाह्यचं राहूनच गेलं, वहिनी."

शांताला जाऊन आता सहा वर्षं झाली. जिनिंग केव्हाच बंद पडलं. जावईबुवा संध्याकाळी आमच्या ओसरीवर येतात, पहिली दिसेल त्या खुर्चीवर बसतात, तपासत नाहीत. पण बाकावर बसले तर अजून डाव्या टोकाला बसतात, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून, आणि तो खांदा किंचित खाली असतो. ऊन उतरतीला लागलं की वर पाहून मला ढगांचा दर्जा सांगतात.

तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, तिकडे आमच्याकडे यायला तुझ्यासाठी विमानातल्या मोठ्या खुर्चीचं तिकीट काढू का, आता आम्हाला परवडतं. परवडतं हे ऐकून बरं वाटलं, बाळांनो. पण मी हिशेब केला आहे. त्या पैशांत एक लहान खुर्ची माझी होते, आणि तुमच्यापैकी एकाचं मला न्यायला येणं-जाणं होतं. तेव्हा लहान दोन काढा. उशी मी इथून आणते, गावरान कापसाची. खांदा कोणाचा, ते तुम्ही आपसांत ठरवा.