जुना आजार : नाही

शालनच्या पोटातली गोष्ट काढणं म्हणजे समुद्राच्या खडपाला चिकटलेलं कालव, म्हणजे शिंपला, काढण्याइतकं कठीण, असं तिची जाऊ म्हणायची. नवरा भिवा मुंबईला नोकरीत असतानाच गेला. शालननं रत्नागिरीत कोळंबी सोलायच्या कंपनीत हात गारठवून एकुलती लेक आम्रपाली वाढवली, शिकवली. पण घरात काय शिजतंय ते शेजाऱ्याला कळू दिलं नाही.

आणि लपवण्यासारखं होतं ते एकच. आम्रपाली सातवीत असताना शाळेच्या वाटेवर, आईबरोबर चालताना, तिला पहिली फिट आली. वाटेवर दुसरं कुणी नव्हतं, यातच शालनला नशीब वाटलं. रत्नागिरीत काय डॉक्टर नव्हते? पण दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कुणी भेटेल म्हणून ती पोरीला एसटीनं आंबा घाट चढून कोल्हापूरला न्यायची आणि वाडीत सांगायची, मावशीकडे गेलो होतो. गोळ्या घरी आल्या की शक्तीच्या गोळ्यांच्या बाटलीत ओतायची. पोरीला सहलीला पाठवलं नाही, समुद्रात गुडघ्यापलीकडे जाऊ दिलं नाही आणि वर खाष्ट आई म्हणून नाव कमावलं. केतनशी लग्न ठरलं तेव्हा पोरीला शपथ घातली, त्याला यातलं अवाक्षर कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. शालनचं चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही. मुलगी बघायला येणारी माणसं पोह्यातलं मीठसुद्धा चार घरी सांगत सुटतात. फिट येते म्हटल्यावर त्यांनी पुन्हा उंबरा चढला असता थोडाच?

जावई मात्र गुणी निघाला. दोघांचा संसार ठाण्यात लागला. एका हिवाळ्यात केतनच्या ऑफिसातल्या मंडळींनी जॉर्जियाला जायचा बेत केला. पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरायचं म्हणे. शालननं फोनवर डोक्याला हात लावला.

"आई, किती वर्षांत आली नाही मला," आम्रपाली हळूच म्हणाली. "डॉक्टरांना विचारलंय. गोळ्या चालू आहेत. एकदा जाऊन येऊ दे ना."

आयुष्यभर नाही म्हणून म्हणून शालन दमली होती. ती एवढंच म्हणाली, "मग विमा तरी आपल्या नितेशकडून घ्या. घरचा माणूस हाय." सासूचा मान म्हणून केतननं पासपोर्टचे फोटो नितेशला पाठवले आणि बाकीची माहिती आईंना विचारून भर, असं सांगितलं.

नितेश वाडीतलाच, शेजारच्या कमळाचा मुलगा, विम्याची कामं करायचा. संध्याकाळी शालनच्या पडवीत बसून त्यानं मोबाइल उघडला.

"काकी, साध्या विम्यात बर्फावरचे खेळ येत नाहीत. पाय मोडला तर कंपनी हात वर करणार. हा दुसरा बघा. डोंगरात काय झालं तर यात हेलिकॉप्टर पण येतं."

"ह्योच घे."

"आणि जुना आजार काय हाय काय तिला? दमा, फिट, साखर? असला तरी विमा मिळतो. डॉक्टरची चिठ्ठी लावायची, झालं."

शालनच्या डोळ्यांपुढे कमळा आली. कमळाच्या पोटात तीळ भिजत नसे, आणि तिची सख्खी बहीण दिली होती केतनच्याच गावात, लांज्याकडे. आज बोललं तर उद्याच्या पहिल्या गाडीला बातमी पोरीच्या सासरी.

"नाय," ती म्हणाली. "धडधाकट हाय माझी पोर."

निघायच्या आदल्या दिवशी आम्रपालीनं विचारलं, "आई, नितेशदादाला सगळं नीट सांगितलंस ना?"

"सांगितलं गो बाय."

पोरीचा आईवर विश्वास. तिनं पुढे काही विचारलं नाही.

तिथे चौथ्या दिवशी आम्रपालीला उतारावर फिट आली आणि ती खडकावर आपटली. डोंगरावरच्या छोट्या दवाखान्यात डोक्याला झालेल्या इजेवर इलाज नव्हता, तिला तातडीनं शहरात हलवायला हवं होतं. केतननं विमा कंपनीला फोन लावला. पलीकडून आजाराचं विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, हो, तिला लहानपणापासून फिट येतात. पलीकडचा माणूस म्हणाला, आमच्याकडे तर जुना आजार नाही असं लिहिलंय. वरच्यांना विचारावं लागेल, तोवर हेलिकॉप्टर पाठवता येत नाही. केतन विनवण्या करत राहिला. शेवटी मित्रांनी धावपळ करून गाडी मिळवली. घाटातल्या बर्फात ती अडकत अडकत गेली आणि आम्रपाली वाटेतच संपली.

केतन तिला घेऊन रत्नागिरीला आला. अग्नी दिल्यावर रात्री तो शालनपुढे बसला. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"आई, नितेशला सांगितलं का नाही?"

"तुमाला कळलं असतं तर..." शालन म्हणाली.

"मला माहीत होतं. लग्नाआधीच तिनं सांगितलं होतं. माझ्या घरीही सगळ्यांना माहीत होतं. तुमची शपथ मोडली म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, एवढंच तिला वाटायचं. म्हणूनच बाकीची माहिती तुम्हाला विचारायला सांगितली."

ज्या माणसापासून शालननं गोष्ट लपवली त्याच्या घरात ती केव्हाचीच उघड होती. लपवायला काही उरलंच नव्हतं, आणि तरी तिनं लपवलं. कशासाठी, कुणापासून? तिच्या छातीतून हुंदका निघाला तो पोरगी गेल्याच्या हुंदक्याहून वेगळा होता. केतननं तिचा हात धरला, मग त्यालाही राहवलं नाही.

जलदानविधीच्या दिवशी बुद्धविहारात शोकसभा झाली. रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून चार शब्द बोलला. मुलगी हुशार होती, मनमिळाऊ होती, कसं अचानक झालं कळत नाही. आईनं अशा वेळी बोलायचं असतं असं नाही. पण शालन उठली. पुढे कमळा बसली होती, नितेश मान खाली घालून बसला होता.

"अचानक नाय झालं," शालन म्हणाली. "माझ्या आम्रपालीला फिट यायच्या. सातवीत होती तेव्हापासून. तिनं तिच्या माणसाला सांगितलं होतं. मी कुणाला सांगितलं नाय. नितेशनं इचारलं, तेव्हा पण नाय म्हटलं. पोरीनं इचारलं, तेव्हा सांगितलं म्हटलं. आता इचारा, कुणाला काय इचारायचं हाय ता. मी सगळं सांगतंय."

ती उभीच राहिली. कुणीच काही विचारलं नाही.