समुद्राले कुंपण काऊन नाई?

सुट्टीत मोहर्लीला आलो की जंगलाच्या गेटाजवळच्या चहाटपरीवर मित्र घेरतात. "सांग बे, दुबईचं काई!" मी दुबईत नाही, ओमानमधल्या एका लहानशा समुद्रकाठच्या गावात हॉटेलात काम करतो, हे दर वेळी सांगतो. कोणी ऐकत नाही! मग मीही किस्से सुरू करतो. परदेशात पैसा साठो न साठो, किस्से मात्र साठतातच. आणि गंमत अशी, की आमच्या खोलीतले सगळे किस्से भीतीचे आहेत. हसू नंतर येतं.

खोलीत आम्ही चौघं, चौघंही आपल्याच भागातले. एसी दुरुस्त करणारे रशीदभाऊ चंद्रपूर शहरातले, वयानं सगळ्यांत मोठे. बागेत काम करणारा देवराव जिवतीच्या डोंगरातला गोंड. स्वयंपाकघरात भांडी सांभाळणारा मल्लेश सिरोंचाचा, मासे धरणाऱ्या घरातला. आणि मी, लाँड्रीतला.

* * *

देवराव आला त्या दिवशी त्याला समुद्र दाखवायला नेलं. गडी वाळूच्या अलीकडे डांबरी रस्त्यावरच थांबला. एक लाट आली, फुटली, परत गेली. देवराव दोन पावलं मागे सरकला.

"ये ना बे," मी म्हटलं.

तो किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. 

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "याले कुंपण काऊन नाई?"

आम्ही खूप हसलो. पण त्यानंतर बरेच दिवस तो हॉटेलच्या बागेत काम करताना समुद्राकडे पाठ करत नसे. आणि खरं सांगू? मीही करत नव्हतो!

* * *

मल्लेशला मात्र समुद्राची भीती नव्हती. "मी गोदावरीतला माणूस! पाणी मले काय करते?" असं म्हणत एका शुक्रवारी तो अंगातला शर्ट काढून सरळ आत शिरला.

थोड्या वेळानं त्याचं डोकं फार लांब दिसायला लागलं. आम्हाला वाटलं, पोहतोय. मग एक हात वर आला. मग नुसतीच बोटं. रशीदभाऊ ओरडले. देवराव, जो कधी वाळूत उतरला नव्हता, तो गुडघाभर पाण्यात जाऊन मल्लेशच्या नावानं बोंबलायला लागला.

एका म्हाताऱ्या कोळ्यानं होडी घातली आणि मल्लेशला केसांना धरून वर ओढलं. किनाऱ्यावर आणल्यावर तो कितीतरी वेळ खारं पाणी ओकत होता. ओठ निळे. 

शेवटी त्याच्या तोंडून शब्द फुटले, "गोदावरी एकाच बाजूले ओढते जी. हा जाते बी अन् येते बी!"

* * *

एका दुपारी चौघांचे मोबाइल एकदम किंचाळले. रिंग नाही, सायरनसारखा काहीतरी भयंकर आवाज. स्क्रीनवर लांबलचक अरबी मजकूर. बाहेर आभाळ काळंठिक्कर.

अरबी वाचता येणारे एकटे रशीदभाऊ. त्यांनी चष्मा लावला आणि स्वच्छ, सुरेल आवाजात सगळा मजकूर वाचून काढला. इतकं सुंदर वाचलं, की मल्लेशनं डोक्यावर टॉवेल घेतला आणि देवरावनं हात जोडले.

वाचून संपलं. देवरावनं विचारलं,

"म्हंजे काय जी, भाऊ?"

रशीदभाऊंनी चष्मा काढला. "वाचता येते, बेटा. समजत नाई!"

तेवढ्यात वॉचमन दार ठोकत आला, "ऊपर चलो! तूफान!" जिन्यावरून गच्चीखालच्या मजल्यावर पोचलो आणि खिडकीतून पाहिलं, तर समुद्र रस्ता ओलांडून आमच्याच खोलीच्या दारात शिरत होता. आमच्या चपला त्यावर तरंगत होत्या.

रशीदभाऊ खाली बघत पुटपुटले, "आता समजलं."

* * *

मल्लेशचाच दुसरा किस्सा. भर उन्हात तो हायवेच्या कडेनं चालत होता. शेजारी पोलिसांची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली.

"कहाँ काम करता?" पोलिसानं हिंदीत विचारलं.

"मालूम नहीं साहब."

"कहाँ जाता?"

"मालूम नहीं."

"नाम क्या तेरा?"

"मालूम नहीं साहब!"

पोलीस चक्रावला. मग त्याचं लक्ष मल्लेशच्या शर्टावरच्या हॉटेलच्या नावाकडे गेलं. त्याला मागच्या सीटवर बसवलं, हातात थंड पाण्याची बाटली दिली आणि हॉटेलच्या दारात आणून सोडलं. बिचारा लिफ्ट द्यायलाच थांबला होता!

मल्लेशला पोलीसगाडीतून उतरताना पाहून आम्ही धावत गेलो. त्यानं सगळं सांगितलं. "नाव काऊन नाई सांगितलं बे?" मी ओरडलो.

मल्लेश म्हणाला, "आपल्याकडे जंगलात कोण्या बी बंदूकवाल्यानं विचारलं, वर्दीवाला असो का बिनवर्दीचा, बाबानं एकच जबाब शिकवला हाय. दुसरा मले येतच नाई!"

* * *

आणि हा माझा.

मोहफुलं वेचायचे दिवस होते. सकाळी मी लाँड्रीत टॉवेल घडी करत होतो, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. पूर्ण स्क्रीनभर आईचा चेहरा, डोक्यावर मोहफुलांची टोपली, मागे सागाची झाडं. बाया पुढे निघून गेल्या होत्या. गुडघ्यांमुळे ती मागे पडते.

"जेवला काय रे?" ती मोठ्यांदा म्हणाली.

"आई, आता तर सकाळ हाय."

"रात्री भाजी कोणती होती?"

"भेंडी."

तेव्हाच तिच्या खांद्यामागे वाळलेल्या गवतात काहीतरी पिवळं हललं. मला वाटलं पानं असतील. मग त्या पिवळ्यानं पायवाटेवर पंजा ठेवला.

माझ्या हातातला टॉवेल गळून पडला. ओरडलो तर ती पळेल. पळाली तर संपलं.

"आई," मी शक्य तितक्या सरळ आवाजात म्हटलं, "थांबू नोको. वाकू नोको. चालत राह्य."

"हो. भेंडी कशी केली ते सांग. जोरात सांग, आयकू येत नाई."

मी सांगायला लागलो. तेल टाकलं, जिरं टाकलं, कांदा चिरला. लाँड्रीतले सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी रडत रडत, ओरडून भेंडी करत होतो. तो पूर्ण वाटेवर आला. खांदे खाली घातलेले.

आणि स्क्रीन अडकली. आईचा अर्धा मिटलेला डोळा, मागे तो. मग कॉल कटला.

मी परत परत लावला. लागेना. मी तिथेच फरशीवर बसलो. कोणीतरी रशीदभाऊंना बोलावलं. त्यांनी मला छातीशी धरलं. देवराव बागेतून चिखलाच्या हातांनी धावत आला आणि गोंडीत आपल्या देवांची नावं घेत राहिला.

मग फोन वाजला.

आई घराच्या ओट्यावर बसली होती, भोवती बाया. मी रडतच म्हणालो, "आई, तुह्या मागं वाघ होता व! तू घाबरशीन म्हणून सांगितलं नाई!"

"मले कवाचा दिसला होता," आई म्हणाली. "मागं वळून पाहाची हिंमत नव्हती. म्हणून तर व्हिडिओ लावला. फोनात मागचं दिसते न!"

माझा मोठा आवाज ऐकून वाघ थबकला आणि गवतात वळला, हेही तिनंच सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. 

"अन् भेंडीत मीठ टाकलंच नाई रे तू."